खारी कुणाची

अस्मिता खिल्लारेने पुस्तक मिटलं आणि सोफ्यावर आपटलं. सोफा मऊ होता, आवाज मनासारखा आला नाही. म्हणून तिने ते उचललं आणि टीपॉयवर पुन्हा एकदा आपटलं.

"काय फुटलं गं?" आतून आईने विचारलं.

"डोकं फुटलं माझं."

"मग बाम लाव," आई म्हणाली आणि मिक्सर सुरू झाला.

शनिवारची सकाळ होती. नाहूरच्या त्या सातव्या मजल्यावरच्या घरात अस्मिताने चहा झाल्या झाल्या पुस्तक हातात घेतलं होतं आणि वरणाची फोडणी पडायच्या आत संपवलंही होतं. दीड वर्ष जिची वाट बघितली ती गोष्ट एवढ्यात संपावी याचं दुःख व्हायला हवं होतं. पण अस्मिताला दुःख नाही, किळस आली होती. झुरळ अंगावरून गेल्यावर येते तशी.

पुस्तकाचं नाव 'क्षारदेश' आणि हा त्याचा दुसरा भाग, 'रक्ताची हाक'. नावापासूनच माती खाल्ली होती. चित्रांतून सांगितलेली मोठी अद्भुत कादंबरी मराठीत निघते कधी? निघाली तर कुणाला कळते? पण पहिला भाग निघाला तेव्हा अस्मिताला कळलं होतं, कारण तिची कॉलेजातली मैत्रीण गंधाली ते पुस्तक काढणाऱ्या प्रकाशनात काम करायची. गंधालीने तो आणून दिला होता. "वाच, तुझ्या डोक्याला झेपेल असं काहीतरी आहे," असं वर म्हणाली होती.

आणि झेपलं होतं. पहिल्या भागात खारी नावाची एक मुलगी होती. मिठागराच्या बांधावर कुणीतरी टाकून दिलेली आणि मीठ ओढणाऱ्या पाच बायकांनी मिळून वाढवलेली. ऊन, खारं पाणी, फुटलेल्या टाचा. दिवसभर मीठ ओढून ओढून त्या मुलीच्या हातांत अशी काही जादू उतरते की ती हात फिरवील तिथे मीठ उभं राहतं. मिठाचे हत्ती, मिठाच्या भिंती, मिठाची माणसं. काळ्या समुद्राची फौज येते तेव्हा ती एकटी बांधावर उभी राहते. सेनापती घोड्यावरून विचारतो, "तू कुणाची?" आणि शेवटच्या पानावर, पानभर पांढऱ्या जागेत, खारी एवढीशी उभी राहून म्हणते, "मिठाची."

त्या पानावर अस्मिता किती वेळ थांबली होती याचा हिशेब नाही. अंधेरीच्या एका विमा कंपनीत ती दावे तपासायची. माणूस पहिल्या जबाबात काय म्हणतो आणि दुसऱ्या जबाबात काय म्हणतो, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं, हे तिचं काम. दिवसभर खोटं वाचायची सवय झालेल्या बाईला खरं काही वाचायला मिळालं तर ती हळवी होते. तशी ती झाली होती. हळव्या मनाने तिने गंधालीला दोन ओळी पाठवल्या होत्या, 'या मुलीला कुणाच्या वंशाची गरज नाही. म्हणून ती आपली आहे.'

आता दुसऱ्या भागात निम्मं पुस्तक उलटल्यावर खारीच्या खांद्यावर चंद्रकोरीची खूण सापडते. तशीच खूण सूर्यगडच्या सम्राट अग्निकेतूच्या खांद्यावर असते. म्हणजे ती त्याची हरवलेली मुलगी. जादू हातांची नव्हतीच, रक्ताची होती. पुन्हा फौज येते, पुन्हा सेनापती विचारतो, "तू कुणाची?" आणि यावेळी मागे वीज चमकते, केस उडतात, आणि खारी, क्षमा करा, राजकन्या क्षारिणी, दोन पानं व्यापून गरजते, "सम्राट अग्निकेतूची!"

दुसऱ्या जबाबात माणूस असा फिरला की अस्मिता फाइलवर लाल शेरा मारायची.

आणि एवढ्यावरही भागलं नाही, वर मलपृष्ठ होतं. तिथे वाचकांचे अभिप्राय छापले होते, आणि त्यात दुसऱ्याच ओळीत, ठळक अक्षरात, 'या मुलीला कुणाच्या वंशाची गरज नाही. म्हणून ती आपली आहे.' खाली 'अस्मिता खिल्लारे, नाहूर'.

ज्याने हे छापलं त्याने तरी पुस्तक वाचलं होतं का? का गिरणीत दळण टाकावं तसं नुसतं टाकलं?

तिने फोन उचलला. 'पान उलटा' नावाचा मुलुंडच्या वाचकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. गंधालीनेच तो सुरू केला होता आणि अस्मिताला त्यात घातलं होतं. सकाळपासून तिथे फुलं उधळणं चाललं होतं. 'अप्रतिम!' 'मराठीत असं काही होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही.' 'डोळे पाणावले.' एकाने नुसतेच जोडलेले हात पाठवले होते, ओळीने, जणू पुस्तक नाही, गणपती आला होता. अस्मिताने सगळं खालपर्यंत वाचलं. डोळे पाणावणाऱ्यांपैकी कुणाचे नेमके कुठे पाणावले हे एकानेही लिहिलेलं नव्हतं. मग तिने लिहिलं, 'पहिल्या भागात जी स्वतःच्या हातांवर उभी होती, तिला दुसऱ्या भागात बापाच्या नावावर उभी केलीय. थू.'

फुलं उधळणं थांबलं. थोड्या वेळाने फोन वाजला.

"अस्मि, ते थू काढ ना गं," गंधाली म्हणाली.

"का?"

"उद्या मिहीर येतोय. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसला वाचकांची भेट ठेवलीय. तो ग्रुपमध्ये आहे यार. वाचलं असेल त्याने."

मिहीर म्हणजे या पुस्तकाचा लेखक आणि चित्रकारही.

"वाचलं असेल तर थू काढून काय उपयोग? पुसून घेतलं असेल त्याने आतापर्यंत."

"तू येणारेस का उद्या? आलीस तर नीट बोल. नाहीतर येऊ नकोस."

गंधालीने हे बोलायला नको होतं. येऊ नकोस म्हटलं की अस्मिता येतेच, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं.

*

रविवारी सकाळी मुलुंड पश्चिमेच्या त्या क्लबहाउसात पंचवीसेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त भरल्याही होत्या. एका टेबलावर पुस्तकांची चळत, दुसऱ्यावर बाकरवडी आणि थर्मास. मिहीर पुढे बसला होता. खादीचा कुर्ता, नीट कातरलेली दाढी, आणि चेहऱ्यावर लग्नात नवरदेवाच्या बापाचा असतो तसला विनय, ज्याला आपण आज कुणाचंही काही ऐकून घेणार नाही हे पक्कं माहीत असतं.

सुरुवात मार्तंड सबनीसांनी केली. बँकेतून निवृत्त झालेले, ग्रुपमधले सगळ्यात वडीलधारे, सगळे त्यांना काका म्हणत. "मी पुस्तक उघडलं," काका म्हणाले, "आणि आधी वास घेतला. काय कागद आहे! असा कागद हल्ली लग्नपत्रिकेलासुद्धा वापरत नाहीत." मग ते कागदाबद्दलच बोलत राहिले. कागदावर काय छापलं होतं तिथपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

नंतर केयूर. हा सॉफ्टवेअरमधला, वाचतो ते फक्त परदेशी. पाय पसरून बसला होता. "मराठीच्या मानाने झकास आहे," तो म्हणाला. "बाहेर आता हे सगळं जुनं झालंय, पण मराठीच्या मानाने, रिअली."

अस्मिताला वाटलं, या माणसाला उद्या आई जेवायला वाढेल तेव्हाही हा म्हणेल, मराठीच्या मानाने आमटी बरी झालीय. मिहीरने मात्र हात जोडले. त्याला ती स्तुती वाटली होती.

मग चेतनाताई उठल्या. त्यांचा योगाचा क्लास होता आणि बोलणंही श्वास सोडत सोडत. "मला ना, पहिल्या भागापासूनच वाटत होतं, ही मुलगी काही साधी नाही. तिचं ते मान वर करून चालणं, डोळ्यांतलं तेज... त्या मिठागरातल्या बायकांमध्ये ती कशी वेगळी उठून दिसायची! म्हटलं, हिचं मूळ कुठेतरी चांगल्या ठिकाणी असणार. आणि बघा, निघालंच. मला इतकं समाधान वाटलं, इतकं शांत वाटलं..."

"चांगल्या ठिकाणी म्हणजे?" अस्मिताने विचारलं.

सगळ्या माना मागे वळल्या. ती शेवटच्या ओळीत बसली होती.

"म्हणजे..." चेतनाताई हसल्या. "म्हणजे चांगल्या ठिकाणी हो."

"मिठागर वाईट ठिकाण आहे?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालात? तेज असेल तर बाप राजाच असायला हवा, असंच ना? त्या पाचजणींनी जिला वाढवलं ती मान वर करून चालली तर त्या पाचजणींमुळे चालली असेल, असं एकदाही वाटलं नाही?"

चेतनाताईंचा श्वास अर्ध्यावर अडकला. गंधालीने घाईघाईने म्हटलं, "अस्मिता आमची जुनी वाचक आहे हं मिहीर. मलपृष्ठावर जिचं—"

"तेच," अस्मिता म्हणाली आणि उभी राहिली. "ते वाक्य मी पहिल्या भागाबद्दल लिहिलं होतं. तुम्ही ते दुसऱ्या भागावर छापलंत. आत म्हणताय रक्ताशिवाय काही नाही, बाहेर माझ्या नावाने म्हणताय वंशाची गरज नाही. आत आणि बाहेर यातलं कुठलं खरं धरायचं?"

मिहीरने पाण्याचा घोट घेतला. "तुमच्या भावना समजतात मला," तो शांतपणे म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसाला काहीही समजलेलं नसतं, हे अस्मिताला कामावरून माहीत होतं. "पण ही वाचकांचीच मागणी होती. मला दर दुसरं पत्र यायचं, खारीचे आईबाप कोण? तिला शक्ती कुठून आली? फॅन्टसी असली म्हणून काय झालं, तिलाही लॉजिक लागतं ना."

"हात दिवसभर मीठ ओढतात म्हणून मीठ हातांचं ऐकतं, हे लॉजिक नाही. आणि बापाच्या खांद्यावर डाग होता म्हणून पोरीने हात फिरवला की मिठाचा हत्ती होतो, हे लॉजिक?"

केयूर फसकन हसला. बाकरवडीचे कण त्याच्या मांडीवर उडाले. त्या हसण्याने मिहीरचे कान लाल झाले. आतापर्यंतचं शांतपण एकदम गळून पडलं.

"तुम्ही लोक ना," तो म्हणाला, "कुठलीही गोष्ट घेतली तरी शेवटी तिथेच नेता."

क्लबहाउसातला पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पोहण्याच्या तलावात उडी मारली.

"कुठे?" अस्मिताने विचारलं.

मिहीरने कुर्त्याची बाही सारखी केली.

"तुम्ही लोक म्हणजे कोण? आणि तिथे म्हणजे कुठे?"

"म्हणजे टीका करणारे लोक," मिहीर म्हणाला. "मी जनरल बोललो."

"नाही, तुम्ही मलपृष्ठावरचं आडनाव वाचून बोललात. पुस्तकातलं दुसरं काही वाचलं नसेल, तेवढं वाचलंत."

खोलीत जो तो आपापल्या चपलेकडे बघू लागला. सगळ्यांना कळलं होतं काय झालं ते, आणि कुणालाही ते कळून घ्यायचं नव्हतं. हा मुलुंडच्या सुशिक्षितांचा खास गुण. ओट्यावर दूध उतू जात असलं तरी गॅस बंद करायला उठायचं नाही, कारण उठलं की दूध उतू गेल्याचं मान्य करावं लागतं. शेवटी मार्तंडकाकांनी घसा खाकरला.

"चहा घेऊया का?" ते म्हणाले.

आणि सगळ्यांनी चहा घेतला.

गंधाली तिला गेटपर्यंत सोडायला आली. रागावलेली होती, पण राग कुणावर काढावा हे ठरत नसल्यासारखी. "तो चुकला," ती म्हणाली. "पण तूही काय कमी केलंस? चेतनाताईंना बीपी आहे."

"एक सांग, तुला आवडलं हे पुस्तक?"

गंधालीने गेटच्या जाळीत बोट घातलं. "मी अजून पूर्ण वाचलं नाहीये गं. छपाईची घाई होती ना. निम्मं झालंय."

"कुठलं निम्मं?"

"आधीचं."

अस्मिता हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "माझं नाव काढ तिथून."

"पुढच्या आवृत्तीत काढते. प्रॉमिस."

"याची पुढची आवृत्ती निघणार?"

"अगं, ही संपत आली," गंधाली म्हणाली. "पहिल्या भागाच्या दुप्पट चाललाय हा."

*

रिक्षातून नाहूरला येईपर्यंत अस्मिता मनातल्या मनात सकाळची सगळी वाक्यं पुन्हा बोलून बघत होती. काही आणखी चांगली सुचली. चेतनाताईंना एक टोला मारायचा राहून गेला, याची हळहळही वाटली. खरं तर आतून ती हादरली होती, पण हादरण्यापेक्षा तुच्छ मानणं सोपं असतं. तुच्छ मानलं की आपण उंचावर बसतो आणि तिथे काय चाललंय ते खालच्यांना दिसत नाही.

घरी आई, शेवंताबाई, डायनिंग टेबलाशी लसूण सोलत बसली होती. महापालिकेच्या इस्पितळात नर्स म्हणून तिने उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर मुलीच्या या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली. अस्मिताने सगळं सांगितलं. आवाज काढून, हातवारे करून. 'तुम्ही लोक' तिथपर्यंत आल्यावर आईचा हात थांबला. तिने एकदा मान हलवली, अशी की जिला हे नवीन नाही. मग म्हणाली, "बरं केलंस, विचारलंस ते."

"आणि तेही कसल्या पुस्तकासाठी! भिकार, टाकाऊ पुस्तक."

"पुस्तक चांगलंय की," आई म्हणाली.

"काय?"

"मला आवडलं. तू काल आपटून ठेवलंस ना, तर दुपारी मी घेतलं. संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. शेवटी गादीवर बसते ती, ते फार छान काढलंय."

अस्मिता तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, पण तिला राजाची मुलगी केलंय."

"मग? वाईट काय झालं? किती दिवस मीठ ओढायचं तिने?"

"आई, तो मुद्दाच नाहीये. पहिला भाग वाचला होतास ना? तो कसा होता?"

"तो जरा रडका होता. नुसतं ऊन आणि मीठ. ते मी बघितलंय." आईने लसणाचं साल फुंकून बाजूला केलं. "यात राजवाडा आहे, हत्ती आहेत, जेवणं आहेत. वाचायला मजा येते."

"मजा!" अस्मिताचा आवाज चढला. "ज्या माणसाने मला तोंडावर... त्याचं पुस्तक तुला मजेचं वाटतं? तुला काय कळतं गं त्यातलं?"

वाक्य बाहेर पडलं आणि टेबलावर पडून राहिलं. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. सोललेल्या पाकळ्या वाटीत भरल्या.

"भाकरी डब्यात आहे," ती म्हणाली. "वाढून घे."

नंतरचे काही दिवस घरात तेवढंच बोलणं राहिलं. गॅस संपत आलाय. दुधवाल्याला सांग. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती वॉर्डात नातेवाइकांशी बोलायची तशी बोलत होती, गोड आणि लांबून.

मधल्या काळात अस्मिताने फेसबुकवर लांबलचक लिहिलं. क्लबहाउसातलं 'तुम्ही लोक'ही त्यात घातलं, मिहीरचं नाव न घेता. ते तुफान चाललं. ओळखीच्या, अनोळखी माणसांनी पुढे पाठवलं. चेंबूर, मानखुर्द, पार नांदेडहून लोक लिहू लागले, आम्हालाही हेच वाटलं होतं, आम्हीही पुस्तक फेकलं. कुणी खारीचं चित्र काढून खाली 'मिठाची' लिहून पाठवलं. ऑफिसात साकीनाक्याच्या बाजूने येणारी एक मुलगी मुद्दाम तिच्या टेबलाशी थांबून म्हणाली, "मॅडम, वाट लावलीत त्याची." अस्मिताला बरं वाटलं. का वाटू नये? खरं बोलली होती ती.

जेवणाच्या सुट्टीत ती प्रतिक्रिया वाचत बसायची आणि चांगल्या दिसतील त्यांना लाल बदाम देत सुटायची. एकाने लिहिलं होतं, 'ज्यांना हा भाग आवडला त्यांची डोकी तपासून घ्या. राजवाडा दिसला की लाळ गाळणारी गुलाम माणसं. यांची लायकीच ती.' अस्मिताने बदाम दिला. पुढची प्रतिक्रिया वाचायला अंगठा सरकवला आणि मध्येच थांबवला.

लायकीच ती. तिने डबा उघडला होता. त्यात आईने दिलेली मेथीची भाजी होती, लसणाची.

तिने मागे जाऊन बदाम काढला. मग ती प्रतिक्रियाच खोडून टाकली. लिहिणाऱ्या माणसाने लगेच विचारलं, 'का उडवलंत? चुकलं का काही?' उडवलेल्या प्रतिक्रियेत तिच्याच लेखातल्या वाक्यांचा सूर होता, फक्त एक पायरी पुढचा. ती पायरी तिनेही घरी, डायनिंग टेबलाशी, उतरून बघितली होती. तिने फोन पालथा ठेवला आणि डबा संपवला.

*

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती आणि मांडीवर 'रक्ताची हाक' उघडं होतं. दुसऱ्यांदा वाचत होती. अस्मिताने पर्स ठेवली, हातपाय धुतले आणि शेजारी स्टूल ओढलं.

"मी त्या दिवशी नको ते बोलले," ती म्हणाली.

"हो," आई म्हणाली आणि पान उलटलं.

"सांग ना, काय आवडलं तुला?"

"कशाला? परत टीव्हीवर मांडशील."

"फेसबुकवर. नाही मांडणार."

आईने बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं. समोर नाहूर स्टेशनच्या बाजूला नव्या टॉवरची क्रेन स्तब्ध उभी होती. "मी शाळेत असताना," ती म्हणाली, "आमच्या हिंगोलीकडे, वाड्यावर गोठा झाडायला जायचे ना आईबरोबर, तेव्हा मला नेहमी वाटायचं की मी बदललेली पोर आहे. कुणाचीतरी वेगळ्याचीच. एक दिवस कुणीतरी गाडीतून येईल आणि म्हणेल, अगं ही तर आमची, हिला कुठे ठेवलंय. आणि मला घेऊन जाईल. रोज वाट बघायचे. गाडीचा आवाज आला की फ्रॉक झटकायचे."

अस्मिताला हे माहीत नव्हतं. आईच्या तोंडून तिने लहानपणचं जे ऐकलं होतं ते शिक्षण, वसतिगृह, बाबासाहेबांचं पुस्तक, पहिला पगार, असं सरळ चढत जाणारं होतं. फ्रॉक झटकून गाडीची वाट बघणारी मुलगी त्यात कुठे नव्हती.

"मग?"

"मग काय? कोण येतंय? मी आपली नर्सिंगला गेले." आई हसली. "पण या पोरीसाठी आली ना गाडी. म्हटलं, चला, कुणाची तरी आली. सगळ्याच पोरींना वाटतं तसं लहानपणी. तुला नाही वाटलं कधी?"

अस्मिताने खरंच आठवून बघितलं. घाटकोपरची चाळ, शाळा, रात्रपाळी करून आलेली आई, स्टोव्हवरचा चहा. "नाही," ती म्हणाली. "मला नाही वाटलं कधी."

"मग मी बरी आई होते," आई म्हणाली.

अस्मिताने स्टूल आणखी जवळ ओढलं. तिने आईच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला, एवढंच. आतून तिचं मत एक इंचही हललं नव्हतं. जी गाडी आईसाठी आली नाही, ती कुणासाठी तरी येते असं खोटं सांगणाऱ्या माणसाचा तिला उलट जास्तच राग आला. पण तो राग आता एकट्या त्या माणसावर होता.

"तरी पुस्तक भिकारच आहे हं," ती म्हणाली.

"असेल. मला आवडलं."

"त्या पाचजणी कुठे गेल्या सांग? राजवाड्यात एकीला तरी बोलावलं का तिने?"

"बोलावलं नाही, ते चुकलं," आई म्हणाली. "मी असते तर बोलावलं असतं. पण तू जरा गप बस, मला हे पान बघू दे."

राजाच्या भोजनाचं दोन पानी चित्र होतं. सोन्याची ताटं, निरनिराळ्या वाट्या, झुंबरं, पंखे हलवणाऱ्या दासी. आईचं बोट ताटांवरून हळूहळू फिरत होतं, कुठे पुरणपोळी आहे, कुठे श्रीखंड, हे ओळखत. अस्मिता खांद्यावरून वाकून बघत होती. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, थांब. त्या राजाचा हात बघ."

"काय झालं हाताला?"

"मोज. सहा बोटं आहेत त्याला. एवढं महागाचं पुस्तक, आणि हात धड काढता येत नाही त्या मिहीरला."

आईने चष्मा सारखा केला, पुस्तक जवळ घेतलं आणि मोजलं.

"राजा आहे तो," ती म्हणाली. "असतील."